मोगलीची सायकल

रात्रीचा दीड वाजलाय. कूलर घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरतोय. बुलढाण्याला थंड हवेचं ठिकाण म्हणणाऱ्याला मे महिन्यात एकदा आमच्या वरच्या खोलीत झोपवायला पाहिजे. मी डोक्यावरून चादर घेतली आहे, कानात इयरफोन खुपसलाय आणि मोबाईलवर 'द जंगल बुक'चा एकतिसावा भाग पाहतोय. पाहतोय म्हणजे तपासतोय. शेरखान आला की पुढे सरकवायचं, बघीरा झाडावर चढला की पुढे सरकवायचं. झुडपामागे काही गोल, काही चकचकीत दिसलं की मात्र थांबायचं आणि दोन बोटांनी ताणून मोठं करून पाहायचं. आतापर्यंत त्या गोलाचा दोनदा चंद्र निघाला आणि एकदा 'का' नावाच्या अजगराचं वेटोळं.

"काय शोधून राहिले एवढ्या रात्री?" बायको.

"सायकल."

"कुठं?"

"जंगलात."

सोळा वर्षांच्या संसारात काही उत्तरांवर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो, हे ती शिकली आहे. कूस बदलताना एवढंच म्हणाली, "सापडली की कुलूप लावून ठेवा."

भानगड सुरू झाली रविवारी सकाळी, पोह्यांच्या ताटलीवर. सई टीव्हीवर शिनचॅन पाहत होती. त्या कारट्याची शाळेची बस नेहमीप्रमाणे चुकली होती आणि त्याची आई त्याला सायकलीवर मागे बसवून, दात-ओठ खात, चढावर पायडल मारत होती. माझी आई खाली बसून तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "पाह्य, त्या माउलीचं अन् माहं नशीब सारखंच हाये."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण चाळिशी उलटलेल्या माणसासमोर कुणी 'लहानपण' आणि 'टीव्ही' हे दोन शब्द जवळजवळ ठेवले की त्याचं तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "आमच्या वेळच्या कार्टूनमध्येसुद्धा सायकली होत्या."

"कुणाकडे?" सई.

"कुणाकडे म्हणजे... मोगलीकडे होती."

बायकोच्या हातातला झारा कढईतच थांबला. सईनं आवाज बंद केला. आईनं तुरीतला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे तशाच नजरेनं पाहिलं.

"बाबा, मोगलीला लांडग्यांनी वाढवलं ना? मग सायकल कुणी घेऊन दिली?"

प्रश्न रास्त होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र लख्ख उभं होतं. उघडा, किडकिडीत मोगली, केस वाऱ्यावर, खाली काळीकुट्ट सायकल आणि पाठीमागे ते शीर्षकगीत. इतकं स्पष्ट मला माझं लग्नही आठवत नाही. (हे मी मोठ्यानं बोललो नाही.)

"मी स्वतः पाहिलंय," मी म्हणालो.

"पुरावा जोड," सई म्हणाली.

आता यात माझाच दोष. मी ज्या सरकारी कचेरीत बसतो तिथे रोज पंधरा-वीस माणसं 'साहेब, ही विहीर आमचीच आहे, आजोबांनी खणलेली मी डोळ्यानं पाहिली' असं सांगत येतात. मी त्यांच्याकडे न पाहता म्हणतो, 'पुरावा जोडा.' घरी येऊन ते किस्से जेवताना सांगतो. पोरीनं नेमकं तेवढंच उचललं.

पुरावा गोळा करायचा म्हणून मी प्रथम आमच्या 'दहावी ब, ९८' या ग्रुपवर गेलो. विचारलं, 'मोगलीकडे सायकल होती, हे कुणाकुणाला आठवतं?' पहिलं उत्तर आलं ते हात जोडलेले, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. हा गृहस्थ कुठलाच संदेश पूर्ण वाचत नाही. दुसऱ्यानं गुलाबाच्या फुलावर दवबिंदू पाठवले. तिसरा म्हणाला, सायकल नव्हती, वाघ होता, हिरवा. तो ही-मॅनबद्दल बोलत होता. चौथ्यानं 'जायंट रोबो'ची आठवण काढून दोन रडके चेहरे टाकले आणि त्याखालीच विम्याची एक नवी योजना. मग चष्म्या गजा आला. तो शाळेत हुशार होता. त्यानं लिहिलं, 'अबे, सायकल नव्हती ती, बघीरा होता. काळा होता म्हणून तुले अ‍ॅटलास वाटला.'

चष्म्या गजा म्हणायचं कारण असं की आमच्या वर्गात सात गजानन होते. शेगाव इतकं जवळ असल्यावर दुसरं काय होणार? त्यामुळे प्रत्येकाला विशेषण लागायचं. लंब्या गजा, चष्म्या गजा, वडील कंडक्टर म्हणून एसटी गजा. या एसटी गजानं माझ्या प्रश्नावर नुसता अंगठा टाकला. तो आता रस्त्यांची कंत्राटं घेतो. त्याचा अंगठा म्हणजे 'पाहिलं, पण वाचलं नाही'.

ग्रुपनं हसं केलं तरी मी मागे हटलो नाही. माझा युक्तिवाद भक्कम होता. सईला समोर बसवून सांगितला. "हे बघ, त्या काळात दूरदर्शनवर 'टेलस्पिन' लागायचं. त्यात बालू विमान चालवायचा. तोच बालू, जंगल बुकमधला. आणि शेरखान कोट-टाय घालून कंपनीचा मालक. आता ज्या दूरदर्शनवर अस्वल वैमानिक होतं आणि वाघ उद्योगपती, तिथे मोगलीनं साधी सायकल चालवली तर कुणाचं काय बिघडलं?"

"पण चालवली का?"

"शक्यता नाकारता येत नाही."

"शक्यतेवर सातबारा देतोस का तू?"

म्हणून मग हा तपास. मालिकेचे भाग बावन्न. रात्रीला चार म्हटले तरी तेरा रात्री. पहिल्याच रात्री एक धक्का बसला, तो म्हणजे मोगली जपानी आहे. म्हणजे गोष्ट किपलिंगची, १८९४ सालची, आणि जंगल आपल्या नागपूरच्या वरचं, शिवणीचं. पण चित्रं काढली जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं, १९८९ च्या सुमाराला. आपल्याकडे ती १९९३ साली आली. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजची, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. शिवणीचा पोरगा टोकियोत काढला, हिंदीत बोलला आणि बुलढाण्यात येऊन आमच्या गल्लीतल्या तेवीस पोरांना घराबाहेर काढून एका खोलीत कोंबून गेला. लहानपणी मला तो मेहकरकडचा वाटायचा.

ती खोली तारमास्तरांची. तारखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांच्याकडे लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही होता आणि शटरला कुलूप होतं. किल्ली करदोट्याला. काचेवर एक प्लॅस्टिकचा कागद लावलेला, वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यामुळे कुणीही माणूस पडद्यावर आला की त्याचं डोकं निळं आणि पाय हिरवे. बातम्या देणाऱ्या बाईपासून शेरखानपर्यंत सगळे एकाच रोगानं आजारी दिसायचे. तिकीट म्हणून प्रत्येकानं हापशीवरून दोन कळशा पाणी भरायचं. बुलढाण्यात पाण्याची किंमत तेव्हाही टीव्हीपेक्षा जास्त होती. रविवारी सकाळी मोगलीच्या कृपेनं तारमास्तरांची टाकी भरायची, आणि 'डकटेल्स'मधला तो कंजूष काका जसा सोन्याच्या नाण्यांत पोहतो तसे तारमास्तर तिच्याकडे पाहत राहायचे.

हे सगळं मी सईला रंगवून सांगत होतो. सगळे भाग पाहिलेत, एकही चुकवला नाही, असं म्हणत होतो. तेवढ्यात तुरीच्या सुपामागून आवाज आला.

"तू कुठी पाह्यलं रे? तू तं धाब्यावर होता."

खोलीत शांतता पसरली.

"कोणत्या धाब्यावर?" सईनं विचारलं. तिला ढाबा वाटला.

"तारमास्तराच्या घराच्या धाब्यावर. हा सगळ्यांत उंच. याले अँटिना धराले ठेवत जात."

चाळिशीपर्यंत काळजीपूर्वक जपलेलं एखाद्याचं बालपण असं एका वाक्यात जप्त करायचं नसतं. पण खरं आहे. तारमास्तरांचं घर धाब्याचं. अँटेना वर, पाइपाला बांधलेली. चित्र बिघडलं की कुणीतरी वर जाऊन पाइप फिरवायचा आणि खालून सूचना यायच्या.

"आलं का?"

"मुंग्या!"

"आता?"

"आवाज आला, माणूस नाही!"

"आता?"

"थांब! तसाच थांब! हालू नको!"

हे 'हालू नको' माझ्या बालपणाचं ब्रीदवाक्य. कारण मी पाइप सोडला की खाली मोगलीच्या मुंग्या व्हायच्या. विज्ञानात याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तारमास्तर म्हणायचे, पोरगं चांगल्या धातूचं आहे. त्यामुळे अख्खा शो मी उन्हात, एका हातात पाइप धरून, स्वातंत्र्यसैनिकाच्या पुतळ्यासारखा उभा असायचो. मी 'जंगल बुक' पाहिलेलं नाही. मी ते ऐकलेलं आहे. म्हणूनच पुढे नाना पाटेकरांचा सिनेमा पाहायला गेलो तेव्हा ते बोलायला लागले आणि मी खुर्चीवर पाय वर घेतले.

मला आठवणीतून बेदखल केल्यावर सईला दया आली असावी. ती म्हणाली, "बरं, सायकलचं तरी खरं आहे का? तुला येत होती?"

या प्रश्नावर मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली. उजव्या नडगीवर एक काळा डाग आहे, करंगळीएवढा. चेनकव्हरनं सोललं आणि आत ग्रीस गेलं ते गेलंच. पण ते नंतर.

सायकल भाड्यानं मिळायची. तासाला रुपया. नाव वहीत, वेळ पाटीवर. दुकानातलं घड्याळ आमच्यापेक्षा जोरात पायडल मारायचं. लहान सायकल एकच होती आणि ती कायम 'आत्ताच गेली' असायची. उरायची ती बावीस इंची, दांड्याची, सोनिपतची अ‍ॅटलास. तिच्या पुढच्या पाटीवर पृथ्वी खांद्यावर घेतलेला तो माणूस असायचा. पंक्चर झाल्यावर सायकल खांद्यावर घेऊन राजूर घाट चढणारं पोरगं कुठल्याच कंपनीनं पाटीवर काढलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सीट आमच्या छातीला लागायची. तिच्यावर चढणं म्हणजे घोड्यावर शिडीवाचून चढण्यासारखं. म्हणून कैची. ज्यानं कैची मारली नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्यानं मारली त्याला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. डावा हात हँडलवर. उजवी काख सीटवर. डावा पाय डाव्या पायडलवर, आणि उजवा पाय दांड्याखालच्या त्रिकोणातून आत घालून पलीकडच्या पायडलवर. सायकल उजवीकडे कललेली, पोरगं डावीकडे लोंबतंय. पायडल पूर्ण फिरवायचं नाही, अर्धं खाली, अर्धं वर. म्हणजे कट्-कट्, कट्-कट् असा आवाज येतो. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, सायकलनं पोरगं पकडून चालवलंय. कैची ही बालवाडी. मग दांड्यावर बसून चालवणं, हे हायस्कूल. सीटवर बसून पाय टेकले की पदवी. आमच्यातले बरेच जण हायस्कुलात दोनदा नापास झाले, आणि दांड्यावर नापास होणं काय असतं ते इथे लिहिता येत नाही.

मला शिकवायला चुलतभाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. आमच्या गावात सपाट रस्ता नाही. एकतर चढ आहे नाहीतर उतार. दादानं उतार निवडला.

"मी सीट धरून हाये. तू समोर पाह्य."

"सोडू नको, दादा."

"धरलंय, धरलंय."

मी निघालो. वारा लागला. दोन घरं गेली, तीन गेली. "दादा, धरलंय ना?" "धरलंय!" आवाज जरा लांबून आला असं वाटलं म्हणून मी मागे पाहिलं. दादा पन्नास पावलांवर कमरेला हात लावून उभा. ज्या क्षणी मी त्याला पाहिलं, त्या क्षणी सायकलीचा तोल गेला. तोवर ती उत्तम चालली होती.

पुढे गावात केबल आली, कार्टून नेटवर्क आलं, आणि तिथे मी तो कोल्ह्यासारखा प्राणी पाहिला, जो रोडरनरच्या मागे धावत कड्यावरून पुढे जातो आणि हवेतच धावत राहतो. खाली पाहीपर्यंत पडत नाही. चक जोन्स नावाच्या माणसानं १९४९ साली हा प्राणी पडद्यावर आणला. पोरं हसत होती. मी हसलो नाही. हा नियम मी कोपऱ्यावरच्या मथुराआजीच्या बाजेवर स्वतः सिद्ध केला होता. बाजेवर धोतर अंथरून, त्यावर शेवया वाळत घातल्या होत्या. मी शेवयांमध्ये, सायकल माझ्यावर, मागचं चाक फिरतंय.

"मेला का रे पोट्टा?" आजीनं विचारलं.

"नाही, आजी."

"मंग ऊठ. मेल्यावर पडला असता तं काही म्हटलं नसतं."

कार्टूनमध्ये पडलेला टॉम पापडासारखा चपटा होतो आणि पुढच्या दृश्यात फुगून पुन्हा जेरीमागे धावतो. १९४० पासून तो असा फुगतोय. आम्ही पडलो की आधी आईचा रपाटा, मग हळद आणि तेल, मग धनुर्वाताचं इंजेक्शन, मग वडिलांचा रपाटा, आणि या सगळ्यात सायकलीचा तास संपून दुसरा सुरू झालेला असायचा.

कार्टून पाहून शहाणं व्हावं तर तेही जमलं नाही. 'टेलस्पिन'मध्ये ते किट नावाचं अस्वलाचं पोर विमानामागे दोरी धरून, फळीवर उभं राहून ढगांवरून घसरायचं. आम्ही विमान म्हणून चष्म्या गजाची सायकल घेतली, दोरी वाळत घालायची घेतली आणि फळी म्हणून आजीचा जेवणाचा पाट. ढगांच्या ऐवजी डांबरी रस्ता होता, पण तेवढं चालतं. चष्म्यानं पायडल मारलं. दोरी ताणली गेली. दोरीबरोबर मी गेलो. पाट तिथेच राहिला. हनुवटीला तीन टाके पडले. पुढे त्याच पाटावर बसून माझं लग्न लागलं. फोटोत दोघांच्याही खुणा दिसतात.

तेराव्या रात्री बावन्नावा भाग संपला. सायकल नव्हती. मी सकाळी तसं कबूल केलं. सई मोठ्या मनानं म्हणाली, "दुसऱ्या कुणाची चालेल का?" आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी अ‍ॅनिमेशनमधल्या सायकलींची शिरगणती सुरू झाली.

पहिला डोरेमॉनचा नोबिता. त्याला सायकल येतच नाही. पण डोक्याला पंखा लावला की उडता येतं, मग शिकेल कशाला? आपल्याकडेही मोटरसायकल आल्यावर पोरांचं तेच झालं. मग 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस', १९८९ चा. त्यात टोंबो नावाचा चष्मेवाला पोरगा सायकलीला पुढे मोठा पंखा लावून उडायला बघतो. त्याला पाहून मला चष्म्या गजाची फार आठवण आली. मग एक फ्रेंच सिनेमा, २००३ चा, 'द ट्रिप्लेट्स ऑफ बेलव्हिल'. त्यातला नातू सायकल शर्यतीचा सराव करतोय आणि त्याची ठेंगणी आजी मागून तीनचाकीवर बसून शिट्टी फुंकतेय. आईनं बराच वेळ पाहिलं.

"हिले शिट्टी कायले लागते?" ती म्हणाली.

खरंच, आमच्या घरातल्या बायकांना कधी लागली नाही.

आणि मग 'माय नेबर टोटोरो'. हायाओ मियाझाकीचा, १९८८ चा. शेतं, बांध, हापशी, आजारी आई दवाखान्यात, दोन बहिणी, शेजारची म्हातारी. दहा मिनिटांनी आईनं विचारलं, "हे कोणत्या तालुक्यातलं हाये?"

"जपान आहे, आजी."

"असंन. पण काकड्या आपल्यासारख्याच दिसतात."

शेवटाकडे धाकटी बहीण हरवते. सगळं गाव शोधायला निघतं. शेजारचा पोरगा, त्याचं नाव कांता, ("पोरगा अन् नाव कांता?" "आजी, शू!") मोठ्या माणसाची सायकल काढतो. सायकल त्याच्या छातीएवढी. आणि तो काय करतो, तर त्रिकोणातून पाय आत घालतो.

"कैची!" मी आणि आई एकदम ओरडलो.

मी थांबवलं. दोन बोटांनी मोठं केलं. या वेळी चंद्र नव्हता. तोच पाय, तोच दांडा, तेच एका बाजूला लोंबणं. तिकडे त्याला त्रिकोणी सवारी अशा अर्थाचं काही म्हणतात म्हणे. जपान्यांनी पोरांची उंची आणि बापांच्या सायकली यांचा मेळ आमच्यासारखाच बसवला होता. आई उठून टीव्हीच्या जवळ गेली आणि म्हणाली, "चेनकव्हर लागंन त्याले."

बायकोला मात्र पटेना. ती अकोल्याची, सपाट गावातली. तिचं म्हणणं, हे कार्टून आहे म्हणून जमतं. खऱ्या माणसाला असं चालवता येणार नाही. सईनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. बोलायची गरज नव्हती. पुरावा जोडायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे एक जुनी बावीस इंची उभी असते.

"कोणाले पाह्यजे, साहेब? पोरीले?"

"मला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मध्ये जरा जास्त वेळ थांबला. "तासाची नका घेऊ," तो म्हणाला. "पाच मिनिटांची घ्या."

गल्लीत प्रेक्षक जमले होते. बायको, सई, आई खुर्ची घेऊन, दोन शेजारी, तीन शेळ्या. मी डावा हात हँडलवर ठेवला, उजवी काख सीटवर ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि पाय त्रिकोणात घातला. १९९३ साली पाय आत जायचा आणि पोट बाहेर राहायचं. या वेळी पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि पोट दांड्यावर येऊन बसलं. ना आत, ना बाहेर. सायकल उजवीकडे कलली, मी डावीकडे कललो आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. पाय निघेना.

अशा वेळी आपल्याकडे सल्ल्याला तोटा नसतो. एक शेजारी म्हणाला, चाक खोला. दुसरा म्हणाला, तेल लावा. कशाला ते त्यानं सांगितलं नाही. पंक्चरवाला म्हणाला, "पाच मिनिटं झाली, साहेब." शेळ्यांपैकी एकीनं माझ्या पायजम्याची नाडी तपासली.

"काऊन रे, काय करून राह्यला हे?"

एसटी गजा. सकाळी फिरायला निघालेला. कंत्राटदार झाल्यापासून त्याचं शरीर चौपदरी झालंय. अंगात बनियन, खाली फुलाफुलांचा बर्मुडा. त्यानं सायकल एका हातानं उचलली, माझा पाय दुसऱ्या हातानं ओढला आणि आम्हाला वेगळं केलं. मग मी धापा टाकत त्याला सगळं सांगितलं. मोगली, सायकल, बावन्न भाग, कांता.

तो आधी हसला. मग थांबला. मग इतका हसला की शेळ्या बाजूला झाल्या.

"अबे लेका, तो मोगली नव्हता. तो मी होतो."

"म्हणजे?"

"अबे, दर रविवारी माय मले शिकेकाई लावून न्हाऊ घाले. नेमकं गाण्याच्या टायमाले. तारमास्तराच्या टीव्हीचा आवाज आला की मी तसाच पळे, वल्ल्या चड्डीवर. केस मोकळे. बुवा ड्युटीवर, त्याईची सायकल मोकळी. कैची मारत गल्लीतून येत जाये. अन् तू धाब्यावरून पाइप धरून वरडे, 'आला रे आला!' खालचे समजत, चित्र आलं!"

मी भिंतीला टेकलो. खरंच की. कानात ते गाणं. गुलजारांनी त्यात चड्डीचा एवढा सन्मान केलेला. आणि डोळ्यांसमोर, खाली गल्लीत, निथळत्या केसांचा, उघडा, किडकिडीत गजा, कट्-कट्, कट्-कट्.

सईनं त्याला बर्मुड्यापासून टकलापर्यंत पाहिलं.

"हे मोगली?"

"व्हय, बेटा."

"पुरावा?"

गजानं पाय पुढे केला. उजव्या नडगीवर काळा डाग, करंगळीएवढा. मी माझा पाय त्याच्या शेजारी ठेवला. आई खुर्चीतून वाकून म्हणाली, "एकाच चेनकव्हरचे हायेत." कचेरीत याहून कमी पुराव्यावर मी माणसांना एकरभर जमीन दिलेली आहे.

गजानं सायकलीचा दांडा थोपटला. सीटवर हात फिरवला. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "कैची नाही जमणार. पण सीटवरून एक चक्कर मारतो. बरीच वर्षं झाली. तू माघून धर."

"बस."

"सोडू नको बरं, लेका."

"धरलंय, धरलंय. तू समोर पाह्य."

तो बसला. सायकल कण्हली. मी चार पावलं पळालो, पाचव्याला दम लागला आणि हात आपोआप सुटला. उतार होता. गजा निघाला. दोन घरं गेली, तीन गेली. बनियन वाऱ्यानं फुगली होती.

"धरलंय ना रे?" लांबून आवाज आला.

"धरलंय!" मी कमरेला हात लावून ओरडलो.

कोपऱ्यावर मथुराआजीची सून, आता तीच आजी झाली आहे, बाजेवर शेवया पसरत होती. गजानं मागे वळून पाहिलं.